फोटो एक, सूत्रं पाच : मराठी लेखक ओळखायला कोणतं साधन किती कामाचं?

एक जुना कृष्णधवल फोटो, त्याखाली चार-पाच सूत्रं, म्हणजे ओळखीच्या खुणा, आणि प्रश्न : हे कोण? वाचनालयाच्या फलकावर, शाळेच्या प्रश्नमंजूषेत, वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात, २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात हा खेळ हमखास रंगतो. पूर्वी अशा कोड्याला घरातली वडीलधारी माणसं आणि कपाटातले कोश लागायचे. आता फोटो समोर आला की पहिला हात फोनच्या चित्रशोधाकडे जातो आणि चुकीची सुरुवात तिथेच होते.

या परीक्षणात तीन साधनं घेतली आहेत : फोनमधला चित्रशोध (गूगल लेन्स आणि तत्सम), मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ आणि मराठी विकिपीडिया. तिघांनाही एकच कसोटी लावली आहे. मराठी लेखकाचं नाव खात्रीने सांगायला हे साधन किती उपयोगी पडतं? तिन्ही फुकट आहेत, त्यामुळे किमतीचा प्रश्न नाही. प्रश्न वेळेचा आणि अचूकपणाचा.

निकाल आधीच सांगतो. नाव शोधायचं ते सूत्रांवरून, आणि फोटो राखून ठेवायचा तो पडताळणीसाठी. या क्रमाने गेलात तर विश्वकोश पहिल्या नंबरावर येतो. सूत्रांत तारीख असेल तर विकिपीडिया त्याच्याही पुढे. चित्रशोध तिसरा, आणि त्याला हात लावायचा तोही शेवटी.

चित्रशोध : झटपट, पण साक्षीदार कच्चा

वापरायला सोपा आहे. फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, लेन्समध्ये उघडा, चौकटीचे कोपरे ओढून फक्त डोकं आणि खांदे आत ठेवा. संपूर्ण कार्ड तसंच दिलं तर शोध चेहऱ्याऐवजी कार्डाची रंगसंगती, नक्षी आणि अक्षरं यांच्याशी जुळणी करत बसतो. फलकावरच्या फोटोचा फोटो घेताना काचेवरची चमक टाळा. फोन किंचित तिरका धरून घेतला तरी चालेल, चमक मात्र कपाळावर किंवा चष्म्यावर नको.

हे साधन काय करतं ते नीट समजून घ्यायला हवं. ते सारखी दिसणारी चित्रं जालावर कुठे आहेत ते दाखवतं. चित्रासोबतचं नाव त्या त्या पानावरून आलेलं असतं. म्हणजे पान चुकलं की उत्तर चुकलं. ‘मराठीतले दहा थोर साहित्यिक’ छापाच्या पानांवर दहा फोटो आणि दहा नावं एकाखाली एक असतात; त्यांतलं कोणतं नाव कोणत्या चेहऱ्याचं, हे पान उघडून स्वतः पाहिल्याशिवाय ठरवू नका. पुरस्कार सोहळ्याच्या फोटोत देणारा आणि घेणारा दोघंही असतात आणि मथळ्यात बहुधा घेणाऱ्याचं नाव असतं. चौकटीत तुमचा माणूस डावीकडचा की उजवीकडचा, हे तपासलं नाही तर मंत्रीमहोदय कवी होऊन बसतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण संत तुकारामांचं. सतराव्या शतकातल्या माणसाचा फोटो असणं शक्य नाही. तरी तुकाराम म्हणून जो चेहरा कित्येकांच्या मनात बसला आहे तो प्रभातच्या १९३६ सालच्या चित्रपटातल्या विष्णुपंत पागनीसांचा. चित्रशोधाने त्या चेहऱ्याला तुकाराम म्हटलं तर तो जालावरच्या पानांशी प्रामाणिकच राहिला. कोड्याचं उत्तर मात्र चुकलं.

आणखी एक अडचण नवी आहे. जुने फोटो हल्ली रंगवून आणि ‘स्वच्छ’ करून फिरतात. त्यात चष्म्याची काडी, मिशीची कड, दातांची ठेवण बदलते, कधी कधी डोळ्यांचा आकारही. असा फोटो मूळ फोटोशी जुळत नाही आणि शोध भलतीकडे जातो. फोटो रंगीत आहे म्हणून लेखक अलीकडचा, हा अंदाजही त्यामुळे बाद. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले. म्हणून त्यांचा रंगीत फोटो समोर येणारच नाही, असं आता म्हणता येत नाही.

पु. ल. देशपांडे किंवा कुसुमाग्रज यांच्यासारख्या, ज्यांचे फोटो जालावर शेकड्यांनी आहेत अशा लेखकांसाठी चित्रशोध बरा. ज्यांचा एखाद-दुसराच फोटो उपलब्ध आहे, त्यांच्यासाठी तो भरवशाचा नाही. आणि कोडी बहुतेक वेळा दुसऱ्या गटातल्या लेखकांचीच असतात.

फोटो डोळ्यांनी वाचा

यंत्राला देण्याआधी फोटोकडून काळ काढून घ्या. नाव कळणार नाही, पण निम्मी नावं खोडता येतात.

पहिली चाळणी सरळ आहे. छायाचित्रणाची कला जगासमोर आली १८३९ मध्ये. त्याआधी गेलेला कोणीही फोटोत असू शकत नाही. मोरोपंत १७९४ साली गेले, विषय संपला. ‘बहिणाबाई’ हे नाव सूत्रात असेल आणि सोबत खराखुरा फोटो असेल, तर त्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) नव्हेत, बहिणाबाई चौधरीच (१८८०–१९५१).

दुसरी चाळणी डोक्यावरची. पगडी असेल तर एकोणिसाव्या शतकाकडे किंवा विसाव्याच्या पहिल्या दोन दशकांकडे बघा : लोकहितवादी, विष्णुशास्त्री चिपळूणकर, हरि नारायण आपटे यांची पिढी. पांढरी गांधी टोपी असेल तर फोटो बहुधा १९२० च्या आगेमागे सुरू झालेल्या काळातला. बालकवी १९१८ मध्ये गेले. राम गणेश गडकरी, हरिभाऊ आपटे आणि ना. वा. टिळक हे तिघंही १९१९ मध्ये. एका टोपीने चार मोठी नावं बाजूला होतात. उलट साने गुरुजींच्या (१८९९–१९५०) बाबतीत तीच टोपी पुष्टी ठरते.

तिसरी गोष्ट, फोटो उलटा तर छापलेला नाही ना? छपाईत किंवा मजकुराच्या मांडणीसाठी चेहरा आत वळवायचा म्हणून फोटो आरशासारखा फिरवलेला असतो आणि मग भांगाच्या बाजूवरून केलेली ओळख फसते. तपासायची जागा म्हणजे शर्टाचा खिसा. तो छातीच्या डाव्या बाजूला असतो, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसायला हवा. खिशाला लावलेलं पेनही तिकडेच. पदर सहसा डाव्या खांद्यावर असतो, त्यालाही हाच नियम. पुस्तकांच्या कण्यांवरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच मिटला.

चेहऱ्यापेक्षा एखादी वस्तू जास्त बोलते, अशीही उदाहरणं आहेत. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) लोकांपासून लांब राहिले, त्यांचे फोटो मोजके, आणि त्यांत काळा चष्मा. काळा चष्मा आणि ‘धारवाड’ एवढ्यावर जाणकार उत्तर देतात. पण तेवढ्यावर थांबू नका. तिसरं सूत्र ‘साहित्य अकादमी पुरस्कार परत केला’ असं असेल तर ते ‘काजळमाया’ला १९७३ चा पुरस्कार मिळाल्यावर पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून झालेल्या वादाशी जुळतं, आणि तेव्हाच उत्तर पक्कं होतं.

मराठी विश्वकोश : खरा पंच

वाईच्या विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभं राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, एकूण खंड २०. सगळा मजकूर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर खुला आहे. या खेळासाठी त्याचा मोठा गुण म्हणजे नोंदीची ठरलेली बांधणी : आधी आडनाव, मग नाव, मग कंसात जन्म-मृत्यूच्या तारखा, त्यानंतर एका ओळीत माणूस कोण होता, पुढे जन्मगाव, शिक्षण, नोकरी, ग्रंथ. कोडं रचणाऱ्याने सूत्रं काढलेली असतात ती बहुधा याच पहिल्या दहा ओळींतून. त्यामुळे एक नोंद वाचली की पाचही सूत्रं एका जागी तपासून होतात. शेवटी नोंद कोणी लिहिली त्याचं नाव असतं, बऱ्याचदा संदर्भग्रंथही. ‘कुणीतरी कुठेतरी लिहिलंय’ अशातला हा प्रकार नाही.

वापरताना अडखळायला होतं ते चार ठिकाणी.

एक, आडनाव. ‘कुसुमाग्रज’ शोधताना ‘शिरवाडकर’ही शोधा. काही कवी टोपणनावाखाली सापडतात, काही आडनावाखाली, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे बाणाने पाठवलेलं असतं. दोन्ही पाहिल्याशिवाय ‘नोंदच नाही’ म्हणू नका.

दोन, शुद्धलेखन. विष्णु की विष्णू, हरि की हरी, ठोमरे की ठोंबरे : शोधखिडकीला हे वेगवेगळे शब्द वाटतात. पूर्ण नाव टाइप करण्यापेक्षा नुसतं आडनाव टाका, तेही न सापडलं तर अनुस्वार बदलून पाहा. अकारविल्हे यादीतून जात असाल तर अनुस्वाराचे शब्द आधी येतात हे ध्यानात ठेवा. पहिल्याच खंडाची सुरुवात ‘अंक’पासून आहे. त्यामुळे ‘खांडेकर’ हे ‘खाडिलकर’च्या आधी.

तीन, काळ. छापील खंड निघाला तेव्हा हयात असलेल्या माणसाच्या कंसात जन्मतारखेपुढे जागा मोकळी आढळते. त्याचा अर्थ ‘आजही हयात’ असा घेऊ नका. शिवाय अकारविल्हे छपाईचा एक परिणाम असा की आडनाव वर्णमालेच्या सुरुवातीचं आणि लेखन बहरलं १९७६ नंतर, अशा लेखकाला छापील मजकुरात जागा मिळणं अवघड होतं. अशांसाठी विश्वकोशाच्याच ज्ञानमंडळांनी (विषयवार तज्ज्ञगटांनी) लिहिलेल्या नव्या नोंदी पाहाव्या लागतात. त्या वेगळ्या संकेतस्थळावर आहेत आणि शोधताना हे दोन्ही दरवाजे ठोठावायला हवेत.

चार, जिल्हा. हे फार कमी लोक लक्षात घेतात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये. विंदा करंदीकरांचं धालवली आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचा वेंगुर्ल्याकडचा मुलूख त्याआधीच्या मजकुरात रत्नागिरी जिल्ह्यात असतो, आजच्या सूत्रात सिंधुदुर्गात. दोन्ही बरोबर. जिल्हा जुळत नाही म्हणून नाव खोडू नका, गावाचं नाव जुळतं का ते बघा.

विश्वकोशाची खरी उणीव फोटोंची. कित्येक चरित्रनोंदींत चित्र नाही, असलं तरी लहान. म्हणून नाव इथून काढायचं आणि चेहरा दुसरीकडे ताडायचा. घरात किंवा वाचनालयात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘अर्वाचीन चरित्रकोश’ असेल तर १८१८ ते १९४५ या काळातल्या माणसांसाठी तो जरूर हाताशी ठेवा. जालावर ज्यांच्याविषयी चार ओळी नाहीत असे लेखक त्यात निघतात.

विकिपीडिया : तारखांसाठी उत्तम

‘जन्म : १३ ऑगस्ट’ एवढंच सूत्र दिलं असेल तर विश्वकोशात कुठून शोधणार? इथे मराठी विकिपीडिया सरस. त्यात वर्षातल्या प्रत्येक तारखेचं स्वतंत्र पान आहे आणि त्यावर त्या दिवशीचे जन्म आणि मृत्यू दिलेले असतात. वर्षानुसार जन्मांचे वर्गही आहेत. टोपणनावावरून लेखक शोधायचे तर त्यासाठी लांबलचक यादी आहे, जी या खेळात वारंवार उघडावी लागते.

मजकूर कोणीही बदलू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी तारखेची नक्कल तिथून थेट केली जाते. तारीख विकिपीडियावर सापडली की विश्वकोशाच्या कंसाशी ताडून घ्या, मिनिटभराचं काम आहे. फोटोसाठी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रभांडारात, त्या चित्राचं पान उघडा. खाली स्रोत, तारीख आणि परवाना दिलेला असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या फोटोखाली ‘स्वतःचं काम’ असं लिहिलेलं दिसलं तर त्या फोटोला पुरावा मानू नका. कुणीतरी पुस्तकातल्या किंवा भिंतीवरच्या चित्राचा फोटो काढून चढवलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

फसवतात ती नावं

कोडं अडतं ते चेहऱ्यापाशी क्वचित. बहुतेक वेळा ते नावापाशीच अडतं. मराठी लेखकांची नावं म्हणजे आद्याक्षरं, टोपणनावं, वडिलांची नावं आणि सासरची आडनावं यांचं दाट रान आहे, आणि या खेळाची सगळी गोडी तिथेच आहे.

‘अग्रज’ घ्या. कुसुमचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज, गोविंदचा थोरला भाऊ म्हणून गोविंदाग्रज. पहिले वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९), दुसरे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९). दोघंही कवी, दोघंही नाटककार. ‘कवितेसाठी भावंडाच्या नावावरून टोपणनाव, नाटकं गाजली’ असं सूत्र दोघांनाही चपखल बसतं. फरक पाडणारं सूत्र हवं : शिरवाडकरांचं जन्मनाव गजानन, दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले, गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा, आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने.

‘केशव’ त्याहून अवघड. कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत, प्रल्हाद केशव अत्रे म्हणजे केशवकुमार. दोन्ही टोपणनावांचा अर्थ एकच, केशवचा मुलगा. ‘वडिलांच्या नावावरून टोपणनाव’ या सूत्रावर घाईने केशवसुत लिहिणारे पुष्कळ. केशवसुत १९०५ साली गेले, अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. विडंबन हा शब्द सूत्रात असेल तर कौल अत्र्यांकडे.

‘बी’ आणि ‘बी. रघुनाथ’ यांची सरमिसळ तर नेहमीची. ‘चाफा बोलेना’ लिहिणारे बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७). बी. रघुनाथ म्हणजे परभणीचे भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–१९५३). एक वऱ्हाडाकडचे, एक मराठवाड्याचे. वयात चाळीस वर्षांचं अंतर. फोटोतला काळ इथे लगेच मदतीला येतो.

पु. देशपांडे दोन आहेत, आणि दोघंही साहित्य अकादमीचे मानकरी. पु. य. देशपांडे नागपूरचे, १९६२ चा पुरस्कार ‘अनामिकाची चिंतनिका’ला. पु. ल. यांना १९६५ चा, ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी. सूत्रात नुसतं ‘साठच्या दशकात अकादमी पुरस्कार, आडनाव देशपांडे’ असेल तर ते अर्धवट सूत्र आहे. सोडवणाऱ्याला दोष देऊ नये.

पुरुष की स्त्री, हे टोपणनावावरून ठरवू नका. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६). डॉ. वसंत अवसरे म्हणजे शांता शेळके (१९२२–२००२), चित्रपटगीतांसाठी घेतलेलं नाव. ग्रेस म्हणजे नागपूरचे माणिक गोडघाटे (१९३७–२०१२). विभावरी शिरूरकर या नावाआड कोण, याची चर्चा ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आल्यावर महाराष्ट्रभर झाली. त्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. तीन नावं, एक चेहरा. लेखिकांच्या बाबतीत माहेरचं, सासरचं आणि लेखनाचं अशी तिन्ही नावं शोधून पाहायची सवय लावून घ्या. इरावती कर्वे माहेरच्या करमरकर, आणि जन्म ब्रह्मदेशातला. इरावती हे नाव तिथल्या नदीवरून. ‘जन्म भारताबाहेर, समाजशास्त्रज्ञ, १९६८ चा अकादमी पुरस्कार’ यातून ‘युगान्त’ आणि मग नाव, हा रस्ता एकदम मोकळा आहे.

पुरस्काराचं साल आणि पुस्तकाचं साल यांत गल्लत होते ती इथेच. ‘युगान्त’ १९६७ चं, पुरस्कार १९६८ चा. अरुण कोलटकर २००४ मध्ये गेले आणि ‘भिजकी वही’ला पुरस्कार २००५ चा. ‘मृत्यूनंतरच्या वर्षीचा पुरस्कार’ पाहून ‘हे कसं शक्य आहे’ म्हणत नाव खोडलं तर हातातलं उत्तर जाईल. बा. भ. बोरकरांचं (१९१०–१९८४) तर भाषेचंच कोडं आहे : मराठी वाचकांचा लाडका कवी, जन्म गोव्यातल्या बोरीचा, आणि अकादमी पुरस्कार १९८१ मध्ये कोंकणीतल्या ‘ससाय’साठी. मराठीची यादी कितीही वर-खाली केली तरी ते नाव त्यात मिळणार नाही.

याद्या आखूड असतात तिथे

काही सूत्रं दिसायला साधी, पण उत्तर दोन पावलांवर आणतात. ‘ज्ञानपीठ’ म्हटलं की मराठीत चारच नावं : खांडेकर (१९७४), शिरवाडकर (१९८७), करंदीकर (२००३), नेमाडे (२०१४). ‘साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा’ म्हटलं की सहा : कुसुमावती देशपांडे (ग्वाल्हेर, १९६१), दुर्गा भागवत (कराड, १९७५), शांता शेळके (आळंदी, १९९६), विजया राजाध्यक्ष (इंदूर, २००१), अरुणा ढेरे (यवतमाळ, २०१९) आणि तारा भवाळकर (दिल्ली, २०२५). अशी सूत्रं पहिल्या क्रमांकावर दिली तर कोडं तिथेच संपतं. ती चौथ्या-पाचव्या जागी शोभतात.

एक कोडं सोडवून पाहू

सूत्रं अशी : जन्म १३ ऑगस्ट. वडिलांचं नाव केशव. कवितेसाठी वेगळं नाव. ‘श्यामची आई’शी संबंध. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक.

घाईचं उत्तर साने गुरुजी, कारण ‘श्यामची आई’ पुस्तक त्यांचं. थांबा. विकिपीडियावर १३ ऑगस्टचं पान उघडा. मराठी साहित्यातली दोन मोठी नावं मिळतील : बालकवी (१८९०) आणि प्र. के. अत्रे (१८९८). बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. वडील बापूजी, म्हणून बाद. अत्रे प्रल्हाद केशव, म्हणजे दुसरं सूत्र जुळलं. केशवकुमार, तिसरं जुळलं. चौथं पुस्तकाचं नसून अत्र्यांनी काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाचं, आणि त्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णपदक, म्हणून पाचवंही जुळलं. आता विश्वकोशाच्या पहिल्या खंडातली अत्र्यांची नोंद काढून तारीख ताडा : १३ ऑगस्ट १८९८ ते १३ जून १९६९. यानंतर फोटो. अत्र्यांचा भरदार चेहरा आणि साने गुरुजींचा टोपीतला कृश चेहरा यांत गोंधळ होत नाही. चित्रशोधाची गरज या सगळ्यात एकदाही पडली नाही, आणि उत्तर मात्र पाच बाजूंनी बांधलं गेलं.

कोडं रचणाऱ्यांसाठी

रचणाऱ्यांच्या हातून होणारी मुख्य चूक म्हणजे पाचही सूत्रं एकाच जातीची देणं : पाच पुस्तकांची नावं, किंवा पाच पुरस्कार. वाचलेल्याला पहिल्यातच कळतं, न वाचलेल्याला पाचव्यापर्यंत काहीच हाती लागत नाही. जन्मगाव किंवा नोकरी आधी द्या (मर्ढेकर आकाशवाणीत होते, हे सूत्र छान विचार करायला लावतं), मग घरच्या माणसाचं (वसंत कानेटकरांचे वडील म्हणजे कवी गिरीश, शंकर केशव कानेटकर), मग टोपणनावाचा अर्थ, त्यानंतर साल, आणि पुस्तकाचं नाव सगळ्यात शेवटी. प्रत्येक सूत्र स्वतंत्रपणे घेऊन ‘हे आणखी कुणाला लागू पडतं का?’ असं विचारा. लागू पडलं तर हरकत नाही. पाचही एकत्र मात्र एकालाच लागू पडली पाहिजेत.

फोटो निवडताना लेखकाच्या उतारवयातला सर्वपरिचित फोटो टाळा. तरुणपणीचा मिळाला तर खेळ रंगतो. पण तो त्याच लेखकाचा असल्याचा छापील आधार हवा : आत्मचरित्रातलं फोटोंचं पान, गौरवग्रंथ, टपाल तिकीट किंवा त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकाचं मलपृष्ठ. फोटो कापताना कोपऱ्यातली छायाचित्रकाराची सही किंवा स्टुडिओचं नाव कोड्यासाठी झाका, पण उत्तराच्या कार्डावर ते नाव द्या. तो फोटो कुणाच्या तरी मेहनतीचा आहे. आणि चित्रशोधाला जरा दमवायचं असेल तर फोटो उलटा करण्याची युक्ती वापरू नका, त्याने माणसंच जास्त फसतात. त्याऐवजी पुस्तकातल्या छापील फोटोचा तुम्ही स्वतः काढलेला फोटो द्या. जाळीदार छपाईचे ठिपके यंत्राला त्रास देतात, आणि डोळे मात्र हातभर अंतरावरून ते ठिपके आपोआप मिटवून चेहरा बघतात.